परसातल्या कृत्रिम हिरवळीसाठी मुदत ठेव मोडावी का?

तळेगाव दाभाडे येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या रो-हाउसच्या मागे 500 चौरस फुटांचे परस असून घरात दोन कुत्रे आहेत, एक नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि एक तरुण गावठी कुत्री. चिखल, गोचीड आणि लघवीने जळालेले लॉनचे पट्टे यांना कंटाळून त्यांनी कृत्रिम हिरवळीचे कोटेशन घेतले. दर चौरस फुटाला 170 रुपये, म्हणजे एकूण 85,000 रुपये. सध्या माळी आणि उन्हाळ्यातील टँकर यांवर वर्षाला सुमारे 24,000 रुपये जात असल्याने ही रक्कम साडेतीन वर्षांत वसूल होईल, असे त्यांना सांगण्यात आले आहे. पैसे 2,40,000 रुपयांच्या मुदत ठेवीतून काढावेत की क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट ईएमआय’ घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण पैसे कोठून आणावेत हे विचारले आहे, परंतु त्याआधी साडेतीन वर्षांचा तो हिशेब तपासणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात नव्या हिरवळीचा स्वतःचा खर्च शून्य धरला आहे. कृत्रिम हिरवळीला माळी लागत नाही हे खरे. पण कुत्र्यांची लघवी मातीत जिरते आणि तेथील जिवाणू तिचे विघटन करतात, तसे प्लास्टिकवर होत नाही. ती रोज पाण्याने धुवावी लागते, दुर्गंधीनाशक द्रावण वापरावे लागते, तंतूंमध्ये पसरलेली वाळू अधूनमधून नव्याने भरावी लागते. आपल्या दोन कुत्र्यांसाठी मी द्रावणाचे महिना 600 रुपये आणि वाळू, ब्रश व जादा पाण्याचे वर्षाला 2,000 रुपये धरतो. म्हणजे 24,000 पैकी 9,200 रुपये पुन्हा खर्च होणार आणि खरी बचत 14,800 रुपयांची. या दराने 85,000 रुपये वसूल व्हायला पावणेसहा वर्षे लागतील. कडा उकरणारी तरुण कुत्री घरात असताना हिरवळीचे आयुष्य सहा वर्षांपेक्षा अधिक धरण्याचे धाडस मी करणार नाही. म्हणून ही सोय आहे, बचत नव्हे. सोयीसाठी खर्च करणे गैर नाही, मात्र तो बचतीच्या नावाखाली होऊ नये.

गोचिडांबद्दलही अपेक्षा बेताची ठेवावी. त्या भिंतींच्या फटींतही राहतात आणि फिरायला नेल्यावर अंगावर येतात, त्यामुळे औषधाचा खर्च चालूच राहील.

आपण पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘तयार जमिनीवर अंथरणे’ अशी एक ओळ आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण कागदात तीच सर्वांत महाग आहे. तिचा अर्थ असा, की खालचा मुरूम, दाबून बसवलेली खडी आणि गटाराच्या दिशेने दिलेला ढाळ यांपैकी काहीही या दरात नाही. माझ्या एका अशिलाच्या घरी कोब्यावर थेट अंथरलेल्या हिरवळीची कड आम्ही दोघांनी उचलून पाहिली होती. खाली काळपट, बुळबुळीत थर साचला होता आणि डोळ्यांना झोंबणारा वास स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. ती हिरवळ दुसऱ्याच वर्षी काढून टाकावी लागली. एप्रिलमधल्या दुपारी त्याच अंगणात त्यांचा कुत्रा एकेक पाय उचलत, सावली शोधत चालताना मी पाहिला आहे, कारण उन्हात हे प्लास्टिक खऱ्या गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते.

आता पैशांकडे येतो. गृहकर्जाच्या हप्त्यासह आपला मासिक खर्च 70,000 रुपये आहे. म्हणजे आपली ठेव साडेतीन महिनेही पुरत नाही, आणि 85,000 काढल्यास जेमतेम सव्वादोन महिन्यांची उरेल. नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरचे सांधे, दात आणि तपासण्या यांचा खर्च पुढील काही वर्षांत वाढण्याचीच शक्यता आहे, आणि तो वेळ सांगून येत नाही. ही ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्डाचा मार्गही फुकट नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावले होते. आपल्याला रोख भरल्यास मिळणारी 5 टक्क्यांची सूट, म्हणजे 4,250 रुपये, ईएमआय घेतल्यास जाते. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी येतो.

माझी सूचना निराळी आहे. चिखल प्रामुख्याने आंब्याच्या सावलीत होतो, कारण तेथे गवत धरत नाही, असे आपणच लिहिले आहे. मग मागच्या दारापासून आंब्याखालून जाणारा 150 चौरस फुटांचा पट्टाच कृत्रिम हिरवळीचा करावा. सावलीत ती फारशी तापणार नाही, आणि ओल्या शहाबादी फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात, तसे येथे होणार नाही. त्याच्यासाठी हा खर्च मला मनापासून योग्य वाटतो. सावलीत ओल लवकर सुकत नाही, त्यामुळे या पट्ट्याचे धुणे चुकवता येणार नाही. उरलेल्या उन्हाच्या भागात पावसाच्या सुरुवातीला हरळी लावावी. लघवीचे डाग तिच्यावरही पडतील, पण आडवी पसरणारी असल्याने ती ते भरून काढते, आणि उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पावसात पुन्हा फुटते, त्यामुळे टँकरची गरज बरीच कमी होईल.

खडी आणि ढाळासह 230 रुपयांचा दर धरला तरी 150 फुटांचे 34,500 रुपये होतात. आपल्याकडे दरमहा 9,000 रुपये शिल्लक राहतात. त्यांतील 5,000 एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळे ठेवल्यास 35,000 जमतील आणि पाऊस संपल्यावर, माती बसलेली असताना, काम रोखीने करता येईल. नवे कोटेशन मागवताना खडीच्या थराची जाडी आणि ढाळाची दिशा लेखी घ्यावी, आणि शेवटचे 20 टक्के पैसे हिरवळीवर दोन बादल्या पाणी ओतून ते कोठे जाते हे स्वतः पाहिल्यानंतरच द्यावेत.