चार्जिंगची जागा सुचवणारं साधन: आधी खोडायला शिकवा, गुण नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी जागा सुचवायला शहरावर षट्कोनी जाळं टाकलं, लोकवस्ती, रस्ते, दुकानं, उपाहारगृहं, कार्यालयं, सध्याची चार्जिंग स्टेशनं असे बारा थर जमवले, प्रत्येकाला वजन दिलं आणि गुणांचा रंगीत नकाशा तयार केला. चार्जिंगचा धंदा करणाऱ्या मंडळींनी तो पाहिला, ‘छान झालंय’ म्हणाले आणि पुन्हा उघडला नाही. आता वजनांच्या जागी मशीन लर्निंग घालावं का?

इतक्यात नको. जागा पाहणाऱ्या माणसाला जागांचा तुटवडा नसतो. रोज कुणी ना कुणी ‘आमचा प्लॉट बघा’ म्हणून लोकेशन पाठवत असतं. त्याला हवं असतं ते एवढंच, की आलेल्या चाळीस जागांपैकी कुठल्या पस्तिसांचे हेलपाटे वाचवता येतील आणि का. तुमचा नकाशा त्याला सांगतो की हा भाग वर्दळीचा आहे. ते त्याला तुमच्या आधीपासून माहीत आहे.

तेव्हा पहिलं काम, हिशेबाचं एकक बदला. षट्कोन पाहणीला चांगला, निर्णयाला नाही. एचथ्री (H3) या षट्कोनी जाळ्याच्या प्रणालीत आठव्या पातळीवर एका षट्कोनाचं सरासरी क्षेत्रफळ सुमारे ०.७४ चौरस किलोमीटर असतं. नवव्या पातळीवर गेलात तरी साधारण ०.१ चौरस किलोमीटर, म्हणजे दहा हेक्टर. त्यात शंभर प्लॉट बसतात आणि त्यातले नव्वद निकामी असू शकतात. भाडेकरार षट्कोनाशी होत नाही. नकाशा षट्कोनांचा ठेवा, पण उमेदवारांची यादी प्रत्यक्ष जागांची करा.

दुसरं, वजनं देऊन बेरीज करण्याच्या पद्धतीतच खोट आहे. बेरजेत एका विषयातलं शून्य दुसऱ्या विषयातले शंभर गुण झाकून टाकतात. वीज मिळणारच नाही अशी जागा वर्दळीच्या जोरावर पहिली येते. शिवाय लोकवस्ती, दुकानं आणि उपाहारगृहं हे तीन थर बहुतेक एकच गोष्ट तीनदा सांगतात, म्हणजे वर्दळीला नकळत तिप्पट वजन पडतं. थरांचे आपापसातले सहसंबंध एकदा काढून बघा, बारापैकी पाच-सहाच खरे उरतील. ज्या गोष्टीवाचून जागा चालूच शकत नाही ती गुणांत घेऊ नका. ती चाळणी करा, पास किंवा नापास.

सगळ्यात मोठी चाळणी विजेची. ६० किलोवॅटचे चार डीसी (जलद) चार्जर म्हणजे २४० किलोवॅट. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) ०.९५ धरला तर सुमारे २५३ केव्हीए; ट्रान्सफॉर्मरची क्षमता याच एककात मोजतात. शेजारी २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्यावर आधीच अर्धी वस्ती आहे, तर नकाशावर ‘ट्रान्सफॉर्मर ३० मीटरवर’ असं हिरव्या अक्षरांत लिहून काय उपयोग? अंतर लागतं, कारण केबल आणि खोदकामाचा खर्च मीटरवर चढतो. पण त्याहून जास्त लागते ती शिल्लक क्षमता, आणि ती माहिती क्वचितच उघड्यावर मिळते. ती नसेल तर त्या रकान्यात सरासरी भरू नका. ‘माहीत नाही’ असा वेगळा रंग ठेवा आणि ती जागा ‘वीज कंपनीला विचारा’ या यादीत टाका. आमच्याकडे सर्वात जास्त वापरलं गेलेलं पान हीच यादी होती. चार चार्जरना मिळून १२० किलोवॅटची मर्यादा घालून भार वाटून देता येतो, तेव्हा चाळणीत एकच आकडा न ठेवता ‘पूर्ण भार’ आणि ‘वाटून घेतलेला भार’ असे दोन पर्याय ठेवा. बऱ्याच जागा दुसऱ्यात तरतात.

दुसरी चाळणी प्रवेशाची. इथे आमचंच हसू झालं होतं, म्हणून सांगतो. पहिल्या आवृत्तीत अव्वल आलेली जागा एका मोठ्या रस्त्यापासून ४० मीटरवर होती. जाऊन बघितलं तर तो रस्ता उड्डाणपूल. आम्ही खाली उभे आणि गाड्या डोक्यावरून जातायत. खाली उतरून तिथवर यायला कित्येक किलोमीटरचा वळसा. सरळ रेषेतलं अंतर त्या दिवसापासून बाद केलं. प्रत्येक जागेचं गेट कुठल्या रस्त्यावर उघडतं तो बिंदू हाताने लावा आणि तिथपासून वाहनाच्या वेळेची समय-रेषा, म्हणजे ठरावीक मिनिटांत गाडी जिथवर पोहोचते ती हद्द, काढा. व्हालहाला किंवा ओपनरूटसर्व्हिस ही मार्ग काढणारी साधनं हे करून देतात. मधे दुभाजक असेल तर गेट ज्या बाजूला आहे त्याच बाजूची वाहतूक मोजा; ओएसआरएम या तशाच साधनात गाडी कडेच्या बाजूनेच पोहोचावी अशी अट घालता येते. आयत्या डेटात हा गेटचा बिंदू नसतो, आणि तो लावायला माणसाला एका जागेमागे दोन मिनिटं लागतात. ती द्या.

आता मागणी. इथे लोक ‘किती गाड्या जातात’ यावर अडकतात. त्याआधी विचारा, गाडी तिथे किती वेळ थांबणार? रात्रभर आठ तास उभ्या राहणाऱ्या गाडीला ७ किलोवॅटचा एसी (संथ) चार्जर ५६ युनिट देतो, तिथे डीसी लावणं ही उधळपट्टी. महामार्गावर मात्र २० ते ४० मिनिटांत निघायचं असतं. म्हणून जागेचा प्रकार आणि चार्जरचा प्रकार यांची जोडी करूनच गुण द्या; जागेला एकटीला गुण देण्यात अर्थ नाही.

किती गन (गाडीला जोडायच्या चार्जिंगच्या तोट्या) लावायच्या याला मात्र अंदाजपंचे उत्तर देऊ नका, कारण त्यावरचं सूत्र १९१७ पासून उपलब्ध आहे. डॅनिश गणितज्ञ एर्लांगने ते टेलिफोनच्या लाइनींसाठी मांडलं होतं. समजा ५० युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची, म्हणजे ३५ युनिट. चार्जर ६० किलोवॅटचा असला तरी बॅटरी भरत येते तसा वेग उतरतो. सरासरी ४५ किलोवॅट धरले तर ४७ मिनिटं, लावणं-काढणं धरून ५०. गर्दीच्या तासाला दोन गाड्या आल्या तर भार होतो १.६७ एर्लांग, म्हणजे सरासरी इतक्या गन सतत गुंतवेल एवढं काम. कुणी रांगेत थांबत नाही असं मानलं, तर दोन गनवर सुमारे ३४ टक्के गाड्या परत जातात, तीनवर १६ आणि चारवर ६. आता गंमत बघा. गाड्याही दुप्पट आणि गनही दुप्पट, म्हणजे तासाला चार गाड्या आणि चार गन, असं केलं तर परत जाणाऱ्यांचं प्रमाण ३४ वरून २४ वर येतं. म्हणजे जवळजवळच्या दोन जागांवर दोन-दोन गन लावण्यापेक्षा एकीवरच चार लावलेल्या बऱ्या. गुणांचा नकाशा हे कधीच दाखवणार नाही, कारण तो प्रत्येक जागेकडे सुटं पाहतो.

तिथेच पुढचा मुद्दा येतो. पहिल्या दहा गुणांच्या दहा जागा निवडल्या की त्या एकाच चौकाभोवती गोळा होतात आणि एकमेकींचं गिऱ्हाईक खातात. निवड संचाची करायची असते. त्यासाठी चर्च आणि रेव्हेल या संशोधकांचं १९७४ चं कमाल-व्याप्ती मॉडेल शहरासाठी पुरेसं आहे: ठरावीक संख्येच्या जागांत जास्तीत जास्त मागणी ठरलेल्या वेळेच्या टप्प्यात आणा. महामार्गाला ते लागू पडत नाही, कारण तिथे मागणी एका बिंदूवर नसते, ती प्रवासावर असते. एकच गाडी पाच जागांवरून जाते आणि पाचदा मोजली जाते. हॉजसन यांनी १९९० मध्ये प्रवाह पकडणारं मॉडेल मांडलं, आणि कुबी व लिम यांनी २००५ मध्ये त्यात गाडीचा पल्ला आणला. महामार्गासाठी तेच वाचा.

सोडवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. काहीशे उमेदवार जागा असतील तर हाय्स (HiGHS) हा असे निवडीचे प्रश्न सोडवणारा मोफत प्रोग्राम सहसा पटकन उत्तर देतो. मी तरी आधी साधी लोभी पद्धत चालवतो: सर्वात जास्त भर घालणारी जागा घ्या, तिने व्यापलेली मागणी वजा करा, पुन्हा तेच. कमाल-व्याप्तीच्या प्रश्नात ही पद्धत सर्वोत्तम उत्तराच्या किमान ६३ टक्के गाठते हे सिद्ध झालेलं आहे, आणि प्रत्यक्षात बहुधा त्याच्या बरीच पुढे जाते. शिवाय ती समजावता येते. ‘सातवी जागा घेतली कारण पहिल्या सहांनी पूर्वेकडचा भाग सोडला होता’ हे वाक्य बैठकीत चालतं.

वजनं कुठे तरी राहणारच. ती कोणी ठरवली यावर वाद घालत बसू नका. ती यादृच्छिकपणे २० टक्के वरखाली करून हजारदा चालवा आणि प्रत्येक जागा किती वेळा पहिल्या दहांत आली ते लिहा. हजारपैकी ९५० वेळा येणारी जागा आणि ४०० वेळा येणारी जागा, दोघींचे गुण जवळपास सारखे असू शकतात.

आणि सध्याच्या स्टेशनांचा थर. ओपनस्ट्रीटमॅप आणि ओपन चार्ज मॅप हे लोकांनी भरलेले खुले नकाशे दोन्ही घ्या, पण जोडताना एकच स्टेशन दोनदा येतं. ५० मीटरच्या आतली नोंद हाताने तपासा. नकाशात स्टेशन नाही याचा अर्थ जमिनीवर नाही असा होत नाही, आणि नकाशात असलेलं चालू असेलच असंही नाही.

मशीन लर्निंगबद्दल. चाळीस स्टेशनांचा वापर आणि बारा थर एवढ्यावर जे मॉडेल बसेल ते पाठांतर करेल. वर ती चाळीस स्टेशनं कुणीतरी चांगल्या वाटल्या म्हणून निवडलेल्या जागांवर आहेत. वाईट जागा मॉडेलने पाहिलेलीच नाही. आधी ओसीपीपीवरून (चार्जर आणि मुख्य संगणक यांच्यातल्या संवादाची प्रमाणित पद्धत) येणाऱ्या चार्जिंग सत्रांच्या नोंदी साठवायला लागा आणि प्रत्येक जागेचा तुमचा अंदाज तारखेसकट गोठवून ठेवा. ६० किलोवॅटचा एक चार्जर १५ टक्के वापरला गेला तर दिवसाला २१६ युनिट, म्हणजे वरच्या हिशेबाने सहा गाड्या. तुम्ही सहा म्हणालात आणि दोन आल्या, तर का, हे लिहायला एक रकाना ठेवा. शे-दीडशे जागांचं वर्षभर असं जमलं की मग मॉडेलचं बोलू. तपासताना शेजारच्या जागा एकाच गटात ठेवा, नाहीतर शिकवताना आणि तपासताना तोच चौक येईल.

शेवटचा तुमचा प्रश्न, वेब की मोबाइल. दोन्ही, पण तोकडे. कार्यालयात पोस्टजीआयएस (नकाशाची माहिती साठवणारा डेटाबेस) आणि एक साधं वेब पान: डावीकडे यादी, उजवीकडे नकाशा, आणि नापास जागेसमोर नापासाचं कारण एका ओळीत. जागेवर जाणाऱ्यासाठी क्यूफील्ड हे मोबाइल अ‍ॅप, कारण ते नेटवर्कशिवाय चालतं: गेटचा फोटो, ट्रान्सफॉर्मरवरच्या पाटीचा फोटो, गाडी वळायला जागा आहे का, रात्री दिवे असतात का. रंगीत नकाशा पहिल्या पानावरून काढून दुसऱ्यावर टाका. त्या मंडळींना पुन्हा भेटाल तेव्हा त्यांनी गेल्या वर्षी प्रत्यक्ष नाकारलेल्या वीस जागा मागून घ्या आणि त्यांच्यासमोरच साधनात घाला.