चेंबर उफाळण्याआधी कळू शकतं का?

वाचक विचारतात : शहरातल्या ड्रेनेज लाइनबद्दल इंदूरहून आलेले तीन प्रश्न

प्रश्न : आमच्या गल्लीतला चेंबर पावसाळ्यातच काय, भर उन्हाळ्यातही महिन्यातून एकदोनदा उफाळतो. जोराच्या पाण्याच्या झोताने लाइन साफ करणारी जेटिंग गाडी येते, लाइन मोकळी होते आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. चेंबरमध्ये पातळी मोजणारा सेन्सर लावला तर आधी कळतं म्हणे. एक सेन्सर पुरेल का? (लोकमान्यनगर)

उत्तर : एक सेन्सर पाणी चढलं एवढंच सांगेल. का चढलं हे कळायला दोन लागतात. एक वारंवार उफाळणाऱ्या चेंबरमध्ये आणि दुसरा उताराच्या दिशेने पुढच्या एकदोन चेंबरनंतर. वरच्या चेंबरात पाणी चढतंय आणि खालच्यात नेहमीपेक्षा कमी झालंय, तर चोकअप, म्हणजे लाइन तुंबलेली जागा, त्या दोहोंच्या मध्येच आहे. दोन्हीकडे एकदम चढत असेल तर पावसाचं पाणी लाइनमध्ये शिरलंय, नाहीतर अडचण आणखी खाली आहे. पुढचं पंपिंग स्टेशन बंद पडलं तरी असंच दिसतं. दोन्हीकडे एकदम उतरलं तर पाणीपुरवठा बंद आहे का ते आधी पाहा. तो चालू असेल तर वर कुठेतरी पाइप फुटून पाणी जमिनीत जात असण्याची शक्यता आहे. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचे सांधे हलवते, म्हणून ही शंका इथे लवकर घ्यावी.

तुमच्या ‘पुन्हा तेच’चं कारणही बहुधा या दोन चेंबरांमध्येच सापडेल. जेटिंगचा नोझल खालच्या, कोरड्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडायचा असतो. मागे येणाऱ्या झोतांबरोबर गाळ, चिंध्या, तुपातेलाचे गोळे खालच्या चेंबरात येतात आणि ते तिथेच सक्शनने उचलायचे असतात. गाडी भरलेल्या चेंबरवर उभी करून नुसतं भोक पाडलं तर पाणी उतरतं, लोक समाधानाने घरी जातात, पण गाळ पुढच्या टप्प्यात जाऊन बसतो. पुढच्या वेळी गाडी कुठे उभी राहते ते पाहा आणि काढलेला गाळ वर आला का, हे जरूर विचारा.

आता वेळेचं गणित. समजा त्या लाइनवर दीड हजार माणसं आहेत. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये, हा नियोजनातला नेहमीचा हिशेब. त्याने सरासरी प्रवाह सेकंदाला १.९ लिटरच्या आसपास येतो. सकाळच्या गर्दीच्या वेळी तो तिप्पट धरतात, म्हणजे साधारण ५.६ लिटर. १.२ मीटर व्यासाच्या चेंबरात पाणी एक मीटर चढायला ११३० लिटर लागतात. लाइन पूर्ण बंद झाली तर तेवढं पाणी साडेतीन मिनिटांत जमतं. त्याआधी मागचा पाइप भरतो, तीच काय ती सवड : ३०० मिलिमीटरचा ३० मीटर पाइप रिकामा असेल तर सुमारे सहा मिनिटं, अर्धा भरलेला असेल तर तीनच. म्हणून दर १५ मिनिटांनी मोजणारा सेन्सर सकाळी आठ वाजता कुचकामी ठरू शकतो. एका नोंदीत सगळं ठीक दिसतं आणि पुढच्या नोंदीआधीच पाणी रस्त्यावर येतं. मोजणी दर दोन मिनिटांनी ठेवा. मोजायला बॅटरी फारशी लागत नाही, ती खर्च होते निरोप पाठवायला. एरवी तासाला एकदा पाठवा आणि पाणी पाइपाच्या माथ्यावर गेलं की ताबडतोब.

सुदैवाने बहुतेक चोकअप अचानक होत नाहीत. रोज त्याच तासाची पातळी आठवड्यागणिक सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वर सरकत जाते. सेन्सरचा खरा उपयोग ही सरक पकडण्यात आहे, कारण तेव्हा हातात मिनिटं नसून दिवस असतात. पण तुलना सारख्या दिवसांची करा. बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवसाचा आलेख वेगळा आणि बिनपाण्याच्या दिवसाचा वेगळा. पहिला महिनाभर पाऊस नसताना दोन्ही नुसते नोंदवा, सूचनेची पातळी मग ठरवा. रंगपंचमीला अंघोळींचा दुसरा चढ दुपारी येणार, तो दोष समजू नका.

लाइन नगर निगमाची आहे, तेव्हा झोन कार्यालयाची लेखी परवानगी लागेल. सूचना कोणाच्या फोनवर जाणार आणि जेटिंग गाडी कोण पाठवणार, हे त्याच पत्रात ठरवून घ्या. ते ठरलं नसेल तर सेन्सर घेऊ नका, असंच आम्ही सांगू.

प्रश्न : अल्ट्रासोनिक सेन्सर स्वस्त पडतो, रडार महाग. फरक खरंच पडतो का? (सुदामानगर)

उत्तर : चेंबरात पडतो. अल्ट्रासोनिक आवाजाची लहर सोडून ती परत यायला लागलेला वेळ मोजतो, आणि आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. दहा अंशांच्या फरकाने दोन मीटरच्या मोजणीत साडेतीन सेंटीमीटरची चूक होते. चांगल्या सेन्सरात तापमानाची दुरुस्ती असते, ती आहे ना हे विचारून घ्या. पुढचा त्रास वाफेचा : तोंडावर थेंब जमतात, कोळी जाळं विणतो, पाण्यावरचा फेस लहर गिळून टाकतो. रडार आवाजाऐवजी रेडिओ लहर वापरतो, त्याला यातलं बहुतेक बाधत नाही. पाण्यात बुडवायचा दाबमापक तिसरा पर्याय, पण त्याच्या तोंडावर चिकट साय बसते आणि तो वारंवार धुवावा लागतो.

अल्ट्रासोनिकची सर्वांत मोठी अडचण ऐन वेळची आहे. त्याच्या तोंडापासूनचे पहिले २०-३० सेंटीमीटर त्याला दिसत नाहीत. पाणी तिथवर आलं की तो भलताच आकडा दाखवतो, कधी कधी चक्क ‘रिकामा’. म्हणून झाकणापासून अर्धा मीटर खाली एक साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून सूचना देणारं बटण, जोडून घ्या.

बसवताना सेन्सरच्या सरळ खाली लोखंडी पायरी येऊ देऊ नका, नाहीतर तो पायरीचंच अंतर मोजत बसेल. बिडाचं झाकण सिग्नल अडवतं. फायबरचं झाकण किंवा रस्त्याकडेला अँटेना हवा. स्टील साध्या दर्जाचं नको, कारण चेंबरातल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूपासून भिंतींवर गंधकाम्ल तयार होतं आणि ते ब्रॅकेट खाऊन टाकतं. तीन महिन्यांनी एकदा झाकण उघडून, वरूनच, लांब मोजपट्टीने पातळी पडताळा.

प्रश्न : सेन्सर बिघडला तर आमचा प्लंबर आत उतरून पाहायला तयार आहे. चालेल का? (रामबाग)

उत्तर : नाही. कोणालाही उतरवू नका, ‘दोन मिनिटांचं काम’ असलं तरीही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास थोडा असतानाच येतो. दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. अनेक जीव तिथेच जातात. बरेचदा दुसरा माणूस पहिल्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. सेन्सर साखळीने वर ओढून काढता येईल असाच बसवून घ्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

जाता जाता आणखी एक. चेंबर पावसाळ्यातही उफाळतो, तेव्हा आपल्या गच्चीचा पाइप कुठे सोडलाय ते तपासा. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ३० मिलिमीटर पाऊस पडला तर ३००० लिटर पाणी होतं. पाच माणसांचं घर दिवसाला ५४० लिटर सांडपाणी सोडतं, म्हणजे तासाभरात साडेपाच दिवसांचं पाणी लाइनमध्ये. गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडात बादलीभर रंगीत पाणी ओता आणि पाच मिनिटांनी चेंबरचं झाकण सरकवून बाहेरूनच पाहा. रंग दिसला तर तो पाइप तोडून शोषखड्ड्याकडे किंवा पावसाच्या नाल्याकडे वळवा, आणि हे काम जूनच्या आधी उरका.