तिसऱ्या शिक्षकाचं पद कुठे गेलं?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची 63 मुलं रोज येतात. तरी संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवताना, दोनच शिक्षक मंजूर झाले आणि तिसऱ्या बाई अतिरिक्त ठरल्या. असं कसं झालं?
— अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती

उत्तर : वर्गात बसलेली मुलं वेगळी आणि संचमान्यतेत धरलेली वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 पासून 90 पर्यंत तीन. पण हिशेबात येतो तो 30 सप्टेंबरचा ऑनलाइन पट, आणि त्यातही आधार वैध ठरलेली मुलं. तीन मुलांचं आधार अडलं की 63 चे 60 होतात.

म्हणून जुलैतच मुख्याध्यापकांकडून आधार अवैध असलेल्या मुलांची यादी मागून घ्या. प्रत्येकाचं कार्ड शाळेच्या जनरल रजिस्टरशेजारी (प्रवेशाच्या नोंदवहीशेजारी) ठेवा आणि नाव, जन्मतारीख, लिंग अक्षरन् अक्षर ताडून पाहा. रजिस्टरला 'सार्थक सुनील' आणि कार्डावर नुसतं 'सार्थक', किंवा कार्ड काढताना तारीख तोंडी सांगितल्यामुळे जन्मसालात एका वर्षाचा फरक, अशा चुका हमखास सापडतात. दुरुस्ती आधार केंद्रावर करायची आणि जन्मदाखला सोबत न्यायचाच, कारण आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. रजिस्टरमध्ये मात्र कुणालाही खाडाखोड करू देऊ नका, तिथल्या बदलाला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलांचं वेगळं बघा. जुन्या शाळेने यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या ऑनलाइन नोंदणीत, नाव सोडलं नसेल, तर मूल तुमच्या वर्गात असूनही पट त्यांच्याकडेच मोजला जातो. अशा वेळी शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हे वेळेत करण्याला फार महत्त्व आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर, असलेलं पद टिकवायला जेवढी मुलं लागतात त्याहून जास्त मुलं गेलेलं पद परत मिळवायला लागतात. शाळेसाठी सरकार करतं त्यातला सर्वांत मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार. पद गेलं की तो पैसा गावातून जातो आणि त्याची भरपाई कुठल्याही अनुदानातून होत नाही.

प्रश्न : मग संयुक्त शाळा अनुदानातून गावातल्या डी.एड. झालेल्या मुलीला मानधन देता येईल का?

उत्तर : नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं हे अनुदान वीजबिल, खडू-फळा, किरकोळ दुरुस्ती यासाठी असतं. 30 पटापर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 पटाला 25,000 आणि पुढे 250 पर्यंत 50,000. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. यातून मानधन दिलं तर लेखापरीक्षणात वसुली निघते आणि ती मुख्याध्यापकांच्या डोक्यावर बसते. मानधन द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या. त्याची पावती वेगळी फाडा आणि समितीच्या सभेत ठराव घ्या. तिला मंजूर शिक्षक म्हणून कुठेही दाखवू नका.

त्याआधी मंजूर पदावरचा शिक्षक खरोखर शाळेत आहे का ते तपासा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. नाव शाळेत आणि बसणं कचेरीत असेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना या कलमाचा उल्लेख करून पत्र द्या.

प्रश्न : नवे शिक्षक आले की बदलीच्याच वाटेला लागतात. त्यांना थांबवायचं कसं?

उत्तर : अवघड क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या गावात तीन वर्षं झाली की त्यांना बदली मागण्याचा हक्क आहे. तो अडवायला जाऊ नका. पण ती तीन वर्षं नीट जातील एवढं गावाच्या हातात आहे. शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाला, प्राथमिकला महिन्याला 16,000 रुपये मिळतात. त्यात तालुक्याच्या गावी खोलीभाडं आणि रोजचं पेट्रोल निघत नाही. गावातच पाण्याची, संडासाची सोय असलेली आणि आतून कडी लागणारी खोली मिळाली, तर विशेषतः बाईमाणूस रुळतं. ही सोय जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीच करून ठेवा.