विचारा की ओ! मॅक्रॉनची गाडी, मागावरचा जॅकार्ड आणि मिलचा भोंगा

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की फ्रेंच माणसाला गाडीचा स्पीड नंतर, आधी बूड आरामात पाहिजे. त्यावर एवढे प्रश्न आलेत की हा पूर्ण अंक त्यालाच. सगळे प्रश्न सोलापूरचे, आणि जवळजवळ सगळे एकाच गाडीवर.

प्र. मॅक्रॉन फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले त्या दिवशी छत उघडलेल्या एका उंच गाडीत उभं राहून हात हलवत होते. ती गाडी कुठली आणि आपल्याकडे कधी येणार? (विजापूर रोड)

उ. डीएस ७ क्रॉसबॅक. तारीख १४ मे २०१७. गंमत बघा, गाडी फेब्रुवारीच्या शेवटी जाहीर झालेली, मार्चमध्ये जिनिव्हाच्या शोमध्ये ठेवलेली, आणि साध्या गिऱ्हाइकाच्या हातात पडायला २०१८ उजाडलं. म्हणजे शोरूमच्या आधी राष्ट्राध्यक्ष बसले! अशी फुकट जाहिरात कुणाला मिळते? आपल्याकडे मात्र डीएस ब्रँड विकायला आलेलाच नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे २०२१ ला आलेली सिट्रोएन सी५ एअरक्रॉस, ती हिची चुलत बहीणच समजा.

प्र. डीएस म्हणजे सिट्रोएनच ना? मग वेगळं नाव कशाला, आणि ही गाडी बनवायचं डोक्यात आलं कसं? (जुळे सोलापूर)

उ. होती सिट्रोएनचीच. मुळात डीएस ही एकच गाडी, १९५५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या शोमध्ये आली आणि पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या आसपास बुकिंग झालं म्हणतात. फ्रेंचमध्ये डी-एस असं जोडून म्हटलं की 'देवी' असा शब्द ऐकू येतो, म्हणून ते नाव. १९६२ मध्ये तेव्हाचे फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, टायर फुटले तरी ड्रायव्हरने ती गाडी पळवत नेली आणि माणूस वाचला. एवढी पुण्याई असलेलं नाव कंपनीने कितीतरी वर्षं नुसतं कपाटात ठेवलं, मग २००९-१० ला छोट्या डीएस३ साठी बाहेर काढलं, आणि २०१४ ला ठरवलं की आता डीएस वेगळी चूल मांडणार.

पण चूल वेगळी, भांडी जुनीच! युरोपात तेव्हा डीएसकडे ज्या गाड्या होत्या त्या सगळ्या सिट्रोएन म्हणून जन्मलेल्या, त्यांची पुढची जाळी आणि बिल्ला बदलला इतकंच. जर्मन कंपन्यांसमोर असं किती दिवस चालणार? म्हणून एक्स७४ या कोडनेमखाली पहिल्या रेघेपासून डीएस म्हणूनच काढलेली गाडी हातात घेतली, तीच ही ७. आणि लोक तेव्हा सेडान सोडून उंच गाड्यांकडे पळत होते, त्यामुळे मॅक्रॉनला उभं राहायला सेडान नाही तर क्रॉसओव्हर मिळाली.

प्र. मी वाचलं की हिचा सांगाडा पूजो ३००८ चाच आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे? ही गिऱ्हाइकाची फसवणूक नाही का? (अक्कलकोट रोड)

उ. तुम्ही अक्कलकोट रोडवर राहून हे विचारताय? एमआयडीसीत एखाद्या मागाजवळ पाच मिनिटं उभे राहा. माग तोच, सूत तेच, पण वर जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्राला, कुठलं डिझाइन लावलंय त्यावर साधी चादर निघते की लग्नात द्यायची. आणि हा जॅकार्ड पण फ्रेंचच बरं का, ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये काढलेला. म्हणजे फ्रान्सची प्रीमियम आयडिया आपण गाडीच्या कितीतरी आधीपासून अंगावर पांघरतोय.

तर सांगाडा, म्हणजे ईएमपी२ प्लॅटफॉर्म, हो, ३००८ चाच, पूजो आणि सिट्रोएन एकाच घरातल्या कंपन्या. नवा प्लॅटफॉर्म बनवायला अफाट पैसा लागतो, तो चार गाड्यांत वाटला तरच परवडतो, सगळे तेच करतात, जर्मन पण. डीएसवाल्यांनी वाचलेला पैसा कुठे घातला ते बघायचं. आतल्या सजावटींना बॅस्टिल, रिव्होली, ऑपेरा अशी पॅरिसची नावं, महागड्या मॉडेलमध्ये सीटचं चामडं घड्याळाच्या पट्ट्यासारखं खाचा पाडून शिवलेलं, शिलाईचे टाके मोत्यांच्या ओळीसारखे. गाडी अनलॉक केली की हेडलाइटमधले तुकडे जांभळा उजेड टाकत गर्रकन फिरतात, आणि चालू केली की डॅशबोर्डवर बीआरएम या फ्रेंच घड्याळ कंपनीचं घड्याळ उलटून समोर येतं. मला विचाराल तर हेडलाइटचा नाच जरा जास्तच झालाय, वरातीतल्या घोड्यासारखा. चामड्याच्या कामाला मात्र मान दिला पाहिजे.

प्र. जुन्या डीएससारखं तेलावर तरंगणारं सस्पेन्शन हिच्यात आहे का? (सात रस्ता)

उ. नाही. पण उत्तर इथे संपत नाही.

जुन्या डीएसमध्ये स्प्रिंगच्या जागी तेल आणि गॅस, पंप चालू झाला की गाडी म्हशीसारखी हळूहळू उठून उभी राहायची. भारी होतं ते, पण महाग, देखभालीला किचकट, आणि सिट्रोएनने स्वतःच ते बंद केलं. त्यामुळे ७ मध्ये साधी लोखंडी स्प्रिंगच आहे. पण काचेच्या मागे एक कॅमेरा बसवलाय, तो पुढचा साधारण ५ ते २० मीटर रस्ता वाचतो, जोडीला गाडीचा तोल आणि हिसके मोजणारे सेन्सर, आणि खड्डा चाकाखाली यायच्या आधीच त्या-त्या चाकाचा शॉकअप कडक किंवा मऊ होऊन बसतो, चारही चाकांचा वेगवेगळा. आता हिशोब करा, ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे यंत्राकडे जेमतेम सव्वा सेकंद, तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि हुकूम सोडायचा. आपला रिक्षावाला हेच डोळ्याने करतो पण तो खड्डा चुकवतो, ही गाडी खड्ड्यातून जाते आणि तुम्हाला कळू देत नाही. सगळ्या गाडीत खरी डोकेबाज गोष्ट मला हीच वाटते. अर्थात शेवटी कॅमेराच तो, धुकं नाहीतर धो-धो पाऊस असला की त्याला तरी काय दिसणार.

प्र. साडेचार मीटरची गाडी आणि तिला कॉम्पॅक्ट म्हणायचं? (पार्क चौक)

उ. आपल्या डोक्यात चार मीटरच्या आत म्हणजे कॉम्पॅक्ट बसलंय कारण आपल्याकडे टॅक्स तिथे बदलतो. युरोपात हा हिशोब नाही, ४.५७ मीटरची ही त्यांच्याकडे मधलीच.

प्र. भाऊ दुबईला असतो, त्याच्याकडून मागवू का? (होटगी रोड)

उ. नका मागवू. उजव्या स्टिअरिंगची मिळेल हो, ब्रिटनमध्ये विकलीय ती, पण ड्यूटी भरून झाल्यावर पार्ट कुठून आणणार? माझ्याकडे एक परदेशी गाडी होती, कंपनीचं नाव नको, एका क्लच प्लेटसाठी महिनाभर अंगणात उभी, शेवटी बायको तिच्यावर पापड वाळवायला लागली. त्यात ७ ला २०१९ मध्ये ३०० हॉर्सपॉवरचं प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल अधिक चार्ज करायची बॅटरी, असं मॉडेल पण आलं, मागच्या चाकांना वेगळी मोटर, बॅटरी १३.२ किलोवॅट-अवरची, त्यातली एक वायर उंदराने कुरतडली तर आपल्या गॅरेजात हात कोण लावणार?

प्र. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलला होते. सहज विचारतो, ही गाडी बनली ते गाव कसं आहे? (मिलच्या चाळीतून)

उ. सगळ्यात छान प्रश्न शेवटी ठेवला. गावाचं नाव म्यूलूझ, फ्रान्सच्या अल्सास भागात, आणि ऐकून तुमचे वडील खुश होतील, ते मूळचं आपल्यासारखंच कापडाचं गाव! छापील सुती कापडाला एवढं नावाजलेलं की त्याला फ्रान्सचं मँचेस्टर म्हणायचे. गिरण्यांचे दिवस सरत आले तोवर पूजोचा कारखाना आला होता, १९६२ ला, आणि तिथेच पुढे ही ७ बनली.

तिथे श्लुम्फ नावाचे दोन भाऊ लोकरीच्या गिरण्यांचे मालक होते. १९७६ मध्ये गिरण्या बुडाल्या, कामगार रस्त्यावर, भाऊ स्वित्झर्लंडला पळाले. पुढच्या वर्षी कामगार एका बंद गिरणीत घुसले तर आत ४०० च्या वर जुन्या गाड्या, त्यात शंभराहून जास्त बुगाट्टी, पॉलिश करून रांगेत लावलेल्या! पगाराला पैसे नाहीत म्हणणारे मालक हे जमवत होते. कामगारांनी तो अड्डा दोन वर्षं ताब्यात ठेवला, बाहेर 'कामगारांचं म्युझियम' अशी पाटी लावली आणि लोकांना आत सोडलं. आता ते फ्रान्सचं राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे.

वडिलांना हे वाचून दाखवा, आणि शेवटचा भोंगा वाजला त्या दिवशी आपल्या मिलच्या गोडाऊनात काय-काय होतं ते त्यांना विचारून मला लिहून पाठवा.