झिओलाइटचा थर आणि बोअरच्या पाण्यातले शिसे

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्यातले शिसे मोजण्यासाठी इलेक्ट्रोडवर झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाचा पातळ थर देतात, असे वाचले. झिओलाइट विजेचा दुर्वाहक असताना हे कसे जमते? आमच्या बोअरच्या पाण्यावर ही पद्धत चालेल का?

उत्तर : तुमची शंका मुळाला हात घालणारी आहे. झिओलाइटने वीज वाहून न्यावी अशी अपेक्षाच नसते. त्याचे काम शिशाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यातून वेचून इलेक्ट्रोडजवळ साठवण्याचे. त्याच्या जाळीत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसते तिथे ऋणभार येतो आणि तो फेडण्यासाठी पोकळ्यांत सोडियमचे आयन सैलपणे राहतात. शिशाचा एक आयन आत शिरला की सोडियमचे दोन बाहेर पडतात. आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत कडब्याच्या पेंढीसारखे, मधोमध आवळलेले पांढुरके स्फटिक कधी कधी सापडतात. तो स्टिलबाइट, म्हणजे झिओलाइटच. प्रयोगशाळेत मात्र बहुधा कृत्रिम झिओलाइट घेतात, कारण छिद्रांचे माप नेमके हवे असते.

थर दिलेला इलेक्ट्रोड काही मिनिटे नमुन्यात ठेवून मग सोडियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात. तिथले सोडियम शिशाला पोकळ्यांतून बाहेर काढते, ऋण विभवामुळे (विद्युतदाबामुळे) ते थराखालच्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर धातुरूपात साचते, आणि विभव धन बाजूला नेताना पुन्हा विरघळते. त्या वेळी प्रवाहाचे जे शिखर दिसते, त्यावरून प्रमाण काढतात. म्हणजे शिशाला थर ओलांडूनच इलेक्ट्रोड गाठायचा असतो, म्हणून थर पातळ हवा. जाड थरातून वाट काढायला वेळ लागतो, शिवाय वाळताना तो आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखा भेगाळतो आणि त्याचे पोपडे सुटतात.

खरी अडचण बोअरच्या पाण्याच्या जडपणाची, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, तर कॅल्शियम ७५ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे. म्हणजे वजनाने साडेसात हजार पट. झिओलाइटला शिशाची ओढ अधिक असली, तरी एवढ्या गर्दीत बऱ्याच जागा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अडवतात व शिखर बुटके येते. त्यामुळे शुद्ध पाण्यात तयार केलेला, शिखरावरून शिशाचे प्रमाण सांगणारा आलेख इथे वापरू नका; त्याच बोअरच्या पाण्यात शिशाची ज्ञात मात्रा थोडी थोडी वाढवत शिखर किती चढते ते पाहा आणि त्यावरून मूळ प्रमाण काढा.

आपल्या भागात काळजी असलेल्या फ्लोराइडसाठी मात्र हा थर निरुपयोगी आहे, कारण फ्लोराइड ऋण आयन असल्याने ऋणभारित जाळी त्याला धरत नाही. त्यासाठी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा वेगळा इलेक्ट्रोड मिळतो.