निवडुंग म्हणजे कॅक्टस नव्हे

प्रश्न असा: नर्सरीतून आणलेल्या तीन धारांच्या काटेरी रोपावर 'कॅक्टस' अशी चिठ्ठी आहे, तर मराठीत त्याला निवडुंग म्हणावं का? निवडुंगच म्हणा. चुकलीय ती चिठ्ठी. हा त्रिधारी निवडुंग, म्हणजे युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. काटे जोडीजोडीने येतात आणि ओरखडा पडला की पांढराशुभ्र चीक वाहतो. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक ठिपक्यातून झुबक्याने फुटतात.

इंग्रजी-मराठी कोशांत मात्र कॅक्टसपुढे बेधडक 'निवडुंग' छापलेलं असतं. हे मला मुळीच पटत नाही. आपल्याकडच्या वैद्यांची स्नुही (तीही युफोर्बियाच), जिच्या चिकाची पुटं क्षारसूत्राला, म्हणजे भगंदरावर वापरायच्या औषधी दोऱ्याला देतात, तो आपला निवडुंग. अमेरिकेतून चपटा कॅक्टस पाहुणा म्हणून आला तेव्हा लोकांनी नागाच्या फड्यावरून त्याला 'फड्या निवडुंग' म्हटलं. विशेषण नव्याला लागलं, कारण नाव जुन्याचं होतं, असं माझं ठाम मत आहे. खेड्यातल्या माणसांनी केलेला हा भेद कोशकारांनी पुसून टाकला. 'रूढ झालं की बरोबर' म्हणणाऱ्यांनी तो चीक डोळ्यांत गेल्यावर काय होतं, हे कुणा शेतकऱ्याला विचारावं.

आणि गंमत म्हणजे 'कॅक्टस' हे नावही उसनंच! थिओफ्रॅस्टस या ग्रीक पंडिताने 'काक्टोस' म्हटलं ते सिसिलीतल्या एका काटेरी झुडपाला, बहुधा आर्टिचोक या परदेशी भाजीच्या भाऊबंदाला. खरा कॅक्टस युरोपने पाहिला तो कोलंबसनंतर, आणि स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये ते जुनं ग्रीक नाव त्याला चिकटवलं. युफोर्बियाचं घराणं त्याहून थोर. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरेटानियाचा राजा दुसरा जुबा याने अ‍ॅटलास पर्वतातल्या एका चिकाळ झाडाला आपल्या वैद्याचं, युफोर्बसचं, नाव दिलं. त्या वैद्याचा भाऊ रोमन सम्राट ऑगस्टसचा वैद्य होता, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. दोन हजार वर्षं टिकलेलं हे वैद्याचं नाव पुसून आपण कुंडीवर 'कॅक्टस' लिहितो!

घायपाताची रोपं कोरफड म्हणून खपवतात, ते तर फारच वाईट. कोरफडीचं पान मोडलं की बुळबुळीत गर निघतो. घायपाताच्या पानात चिवट दोरे असतात, टोकाला टणक सुई असते आणि रस अंगाला लागला तर खाज सुटते. तो गर समजून चेहऱ्याला लावू नका.