जुन्या बंगल्यातील एका खोलीसाठी उष्णता परत मिळवणारे वायुवीजन यंत्र: पुण्यात बसवावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एरंडवण्यात पानशेतच्या पुरानंतरच्या (१९६१) काळात बांधलेला, नऊ इंची विटांच्या भिंतींचा बंगला आहे. रस्त्याच्या आवाजामुळे आईवडिलांच्या खोलीला घट्ट बंद होणाऱ्या यूपीव्हीसी खिडक्या बसवल्या, आणि तेव्हापासून सकाळी खोली कोंदट वाटते व पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरते. इंग्लंडमधील बहिणीने तिच्या घरासारखे भिंतीत बसणारे, उष्णता परत मिळवणारे यंत्र घेण्याचा सल्ला दिला आहे. माझे मत असे की यंत्र आपल्याला उपयोगी पडेल, परंतु बहिणीला पडते त्या कारणासाठी नव्हे. आणि बुरशीवर तर ते उपाय म्हणून घेऊच नये.

या यंत्रांचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे भिंतीत आरपार बसणारी नळी, तिच्यात मधमाशीच्या पोळ्यासारखा सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा आणि दोन्ही दिशांना फिरू शकणारा पंखा. साधारण ७० सेकंद पंखा आतली हवा बाहेर टाकतो, तेव्हा ठोकळा तापतो. मग दिशा उलटते आणि बाहेरची थंड हवा त्याच ठोकळ्यातून तापून आत येते. इंग्लंडच्या हिवाळ्यात आत आणि बाहेर २० अंशांचा फरक असताना तासाला ३० घनमीटर हवा बदलली, तर सुमारे २०० वॉट उष्णता सतत वाया जाते, आणि ती वाचवणे तेथे महत्त्वाचे ठरते. आपल्याकडे मे महिन्यातील दुपारी बाहेर ३८ आणि एसीमुळे आत २६ अंश धरले, तरी हाच आकडा १२० वॉटच्या आसपास येतो. त्यातील तीन चतुर्थांश, म्हणजे ९० वॉट वाचले, तरी एसी एका वॉट विजेत सुमारे तीन वॉट उष्णता बाहेर टाकत असल्याने विजेत पडणारा फरक जेमतेम ३० वॉटचा असतो. रात्री तर मे महिन्यातही पहाटेपर्यंत पारा बराच खाली येतो. अशा वेळी बाहेरची गार हवा तापवून आत घेणे म्हणजे पुण्याच्या हवामानाने दिलेली सवलत नाकारणे होय. म्हणून यंत्र घेताना कार्यक्षमतेच्या टक्क्यांपेक्षा, दिशा न बदलता एकाच बाजूने हवा वाहू देण्याची सोय त्यात आहे का, हे आधी पाहावे. उन्हाळी रात्रींसाठी हीच सोय लागेल.

मग यंत्र कशासाठी घ्यायचे? दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सहज २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २००० भाग) पुढे जाते. बाहेर ते ४२५ च्या आसपास असते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. खिडकी न उघडता, म्हणजे आवाज, डास आणि बांधकामांची धूळ बरीचशी बाहेर ठेवून, रात्रभर थोडी थोडी गाळलेली हवा मिळणे हा आपला खरा लाभ आहे. त्यासाठी यंत्र केवळ काही वॉट वीज घेते आणि घरच्या इन्व्हर्टरवरही चालते. तरीही भिंत फोडण्यापूर्वी कार्बन डायऑक्साइड मोजणारे एनडीआयआर (अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या) पद्धतीचे छोटे मीटर आणून काही रात्रींच्या नोंदी अवश्य घ्याव्यात. दार थोडे उघडे ठेवून आकडा १००० च्या आत राहत असेल, तर हा खर्च मी करणार नाही.

आता बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातील बाहेरची हवाच इतकी दमट असते की ती कितीही आत आणली तरी भिंत वाळत नाही, आणि सिरॅमिकचा ठोकळा हवेतील बाष्प काढून टाकत नाही. प्रथम ओल कोठून येते ते शोधावे. कपाट पुढे ओढून, ओल्या भागावर फूटभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतूनच येत आहे: गच्चीचा कोबा, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा किंवा गळका पाइप. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमते आहे. तेथे कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे आणि पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर चालवणे अधिक फलदायी ठरते.

यंत्र घ्यायचे ठरल्यास जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत शक्यतो टाळावी. पावसाळी वाऱ्याचा वेग ताशी ३५ किलोमीटर झाला की भिंतीवर ५० पास्कलच्या आसपास दाब येतो, आणि हे छोटे पंखे त्यापुढे टिकत नाहीत. हवेबरोबर पाणीही आत येऊ शकते. दुसरा पर्याय नसेल तर छज्ज्याखालची जागा घ्यावी. त्या काळच्या बंगल्यांत खिडकीच्या वर व्हेंटिलेटर असत आणि नव्या खिडक्या बसवताना ते बहुधा बुजवले जातात. आपल्याकडे तसे झाले असेल तर त्याच जागेतून नळी काढावी; धड भिंतीला हात लावावा लागत नाही. नवे छिद्र पाडायचे असल्यास ते सुमारे १६० मिलिमीटरचे लागते. ते छिन्नी-हातोडीने न फोडता कोअर कटिंग (यंत्राने पाणी सोडत गोल छिद्र कापणे) करून घ्यावे, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) व बीमपासून दूर ठेवावे आणि नळीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. पेठांतील वाड्यांच्या माती-विटांच्या भिंतींना मात्र पाणी वापरून कटिंग करू नये. तेथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. बाहेरच्या तोंडाला जाळी लावावी, आणि कबुतरे बसतात अशा सज्जाजवळ ते मुळीच ठेवू नये.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. कॅटलॉगमध्ये तासाला ५० घनमीटर लिहिले असले तरी एकटे यंत्र निम्मा वेळ हवा बाहेर टाकते, त्यामुळे आत येणारी हवा २५ घनमीटरच असते. हवा बाहेर जात असताना तेवढीच हवा दाराच्या फटीतून घरातून खेचली जाते. दोन माणसांच्या खोलीत म्हणूनच एकमेकांच्या उलट चालणाऱ्या यंत्रांची जोडी लावणे योग्य.

यंत्र अशी घरातून हवा खेचते, म्हणूनच एक प्रश्न मी आग्रहाने विचारतो: खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर आहे का? धुरांडे नसलेला गिझर बंद न्हाणीघरात मुळातच धोकादायक असतो, आणि शेजारी हवा खेचणारा पंखा असला तर कार्बन मोनॉक्साइड झोपण्याच्या खोलीत येऊ शकतो. या वायूला ना रंग ना वास. गिझर असल्यास आधी तो बाहेर हलवावा किंवा विजेचा घ्यावा, यंत्राचा विचार त्यानंतर करावा. गिझरची माहिती, पश्चिमेची भिंत कोणती आणि व्हेंटिलेटर बुजवलेले आहेत का, एवढे कळवल्यास जागा नेमकी सुचवता येईल.